हापशाच्या दगडाचा मजकूर

चार माणसांनी मिळून कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवता येतं. पत्ते खेळता येतात, लग्न जमवता येतं, आणि वेळ आलीच तर पाचव्याला खांदाही देता येतो. पण चार माणसांनी मिळून एक वाक्य लिहायला कधीही बसू नये. हे मी ऐकीव सांगत नाही. वर्तकनगरातल्या आमच्या इमारतीचा मी सेक्रेटरी आहे, आणि सेक्रेटरी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने देवापुढे साखर ठेवावी.

वाक्य तसं साधंच होतं. इमारतीच्या कंपाउंडबाहेर आमचा हापसा आहे, त्याच्याशेजारी एक दगड बसवायचा आणि त्यावर शिवरामभाऊंचं नाव घालायचं. शिवरामभाऊ तोडणकर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे, गेल्या दिवाळीनंतर वारले ते. हापसा त्यांच्यामुळे झाला हे सगळ्यांना मान्य होतं, निदान तोपर्यंत तरी मान्य होतं. त्यांनी अर्ज केले, साहेबांच्या केबिनबाहेर तासन्‌तास बसले, आणि बोअर मारणारी गाडी आली तेव्हा तिच्यापुढे सायकल चालवत तिला वाट दाखवत आले.

पण माणूस महातापदायक. संध्याकाळी नळाचं पाणी जायच्या सुमाराला भाऊ तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येक दारावर काठी आपटत जायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "नळ बंद आहे ना?" घरात पाहुणे असोत, मुलगी बघायला आलेली मंडळी असोत, भाऊंना फरक नाही. माझे साहेब एकदा आमच्याकडे जेवायला आलेले. साहेबांच्या तोंडात श्रीखंड आणि दारात भाऊ. "केळसकर, काल तुमचा नळ ठिबकत होता. घर चालवता की पाणपोई?" त्यानंतर माझं प्रमोशन लांबलं असं माझं स्पष्ट मत आहे. माझी बायको शालू म्हणते, ते माझ्या अकलेमुळे लांबलं. असो.

भाऊंच्या पत्नी सरस्वतीवहिनी. सोसायटीच्या मीटिंगला त्या कायम मागच्या सतरंजीवर बसायच्या आणि कधी एक अक्षर बोलायच्या नाहीत. मार्चच्या मीटिंगमध्ये मात्र त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी आता मुलाकडे मोहन्याला राहायला जाणार. अक्षयतृतीयेला ह्यांच्या नावाने पाण्याचा घडा द्यायचा आहे. पहिलंच वर्ष. तो घडा हापशाशी ठेवीन म्हणते. तेव्हा तिथे त्यांचं नाव असलं तर बरं वाटेल. मग मी निघेन." एवढं बोलून त्या बसल्या. भावनेच्या भरात मी बोलून गेलो, "वहिनी, शब्द देतो. अक्षयतृतीयेच्या आत दगड लागेल." शालूने पलीकडून माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती नजर मी ओळखतो. तिचा अर्थ, पडलात का पुन्हा.

मी त्याच संध्याकाळी मजकूर लिहिला. "कै. शिवराम तोडणकर यांच्या अथक प्रयत्नांनी हा हापसा झाला." झालं की नाही काम? टेंभी नाक्याजवळ दगड कोरणारा तानाजी म्हणून एक कारागीर आहे, त्याला दगडही सांगून आलो. पण हापशाखालची जमीन सरकारी, त्यामुळे परवानगी हवी. त्या ऑफिसातल्या क्लार्कने माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सर्व सभासदांच्या सह्या आणा. मजकुरावर एकाचाही आक्षेप नको. उद्या कोणी कोर्टात गेलं तर?"

दोन ओळींवरून कोर्टात कोण जाणार, असं मी मनात म्हटलं. क्लार्क लोकांना जगाचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त असतो हे मला मागाहून कळलं.

पहिलीच सही मागायला गेलो ती पहिल्या मजल्यावरच्या महिपतराव शेडग्यांकडे. महिपतराव रिटायर्ड हेडक्लार्क. म्हणाले, "मधुभाऊ, आधी मजकूर सगळ्यांपुढे यायला हवा. लोकशाही आहे." मला ते पटलं. जिन्याखाली आमचा फळा आहे, एरवी त्यावर सुविचार आणि थकबाकीदारांची नावं असतात. त्यावर मी मजकूर सुवाच्य अक्षरात लिहिला, सुतळीने खडू बांधला, आणि खाली एक ओळ जोडली, "सूचना असल्यास कराव्यात." ती ओळ आठवली की मला अजून पित्त होतं. मराठी माणसाच्या हातात खडू देऊन सूचना मागणं म्हणजे म्हशीला पाण्यात सोडून लवकर बाहेर ये म्हणण्यासारखं आहे.

सकाळी दूध आणायला उतरलो तर "अथक" गायब. महिपतरावांनी पुसलेलं. का, तर म्हणे, "अथक असते तर गेले असते का? वस्तुस्थितीला धरून लिहावं माणसाने." ठीक आहे, म्हटलं, जाऊ दे अथक.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या दामाजी नाखव्याने भर घातली. दामाजी कारखान्यात फिटर आहे, पण मूळ घर कोळीवाड्यात आणि चुलतभावांच्या होड्या अजून खाडीत. त्याने लिहिलं, "पाण्याची जागा परशुराममामा पाणाडी यांनी हातावर नारळ धरून दाखवली." हे खरंच होतं. बोअर मारायच्या आधी त्याचे मामा तळहातावर नारळ आडवा ठेवून आवारभर फिरले होते आणि भिंतीबाहेर त्या जागी नारळ उभा राहिला होता. मी स्वतः पाहिलं. पण महिपतरावांनी ते पुसून लिहिलं, "शास्त्रीय पाहणीनुसार." दामाजीने ते पुसून पुन्हा नारळ आणला. महिपतरावांनी नारळ घालवून पुन्हा शास्त्र आणलं.

"तो पाहनीवाला सायेब आला, चा पिला नि गेला," दामाजी मला जिन्यात अडवून सांगायला लागला. "पानी आमचे मामान दावलं. तुमी बगलाव ना तुमचे डोल्यांनी?"

"दगडावर नारळ कोरणार?" महिपतराव वरून ओरडले. "लोक हसतील! विसावं शतक संपायला आलं!"

मी दोघांनाही म्हणालो, तुमचं बरोबर आहे. सेक्रेटरीला हे एक वाक्य कायम तोंडात ठेवावं लागतं. पण ते दोघांनी एकमेकांच्या देखत ऐकलं आणि दोघांचाही माझ्यावरचा विश्वास उडाला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या रंगूबाई खेडेकर उतरल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि मधोमध लिहिलं, "महिलांनी रणरणत्या उन्हात हंडा मोर्चा काढल्यामुळे." मी म्हटलं, "रंगूबाई, जागा संपली." तर म्हणाल्या, "मोर्च्यात पोलिसांनी आम्हाला ढकललं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी ऑफिसात होतो. ऑफिसात असणं हा गुन्हा असल्यासारखं मला वाटलं, आणि मी जागा करून दिली.

आठवड्याभरात मजकूर असा झाला की महिलांच्या मोर्च्यामुळे, पाहणीनुसार, नारळाच्या साहाय्याने, मान्यवरांच्या उपस्थितीत आणि श्री. तोडणकर इत्यादींच्या सहकार्याने हापसा झाला. पहिल्या ओळीतले भाऊ चौथ्या ओळीत इत्यादींबरोबर उभे होते. सरस्वतीवहिनी भाजी घेऊन येताना फळ्यापाशी थांबायच्या, वाचायच्या आणि वर जायच्या. मला भेटल्या तर एवढंच विचारायच्या, "होईल ना हो तोवर?" मी म्हणायचो, "होणार म्हणजे काय!" आणि घरी येऊन अर्धशिशीची गोळी घ्यायचो.

मग दामाजीने कहर केला. त्याने आपली ओळ होडीच्या रंगाने लिहिली. लाल भडक. खाडीच्या खाऱ्या पाण्यात जो वर्षभर टिकतो तो रंग फळ्यावर किती टिकेल हे मी सांगायला नको. महिपतरावांनी रॉकेल लावून पाहिलं, पॉलिशपेपर घासला, शेवटी काळा रंग आणून अख्खा फळाच रंगवला. तो रंग वाळेना. त्यात रंगूबाईंच्या इरकली साडीचा पदर चिकटला. त्या साडीबद्दल मी इथे जास्त बोलत नाही, कारण रंगूबाई अजून आमच्याच इमारतीत राहतात.

आता मी नियम केले. नवा फळा आणला आणि शेजारी जुन्यावर एक ड्रॉइंगपेपर ठोकला. नियम पहिला, दुसऱ्याचं पुसायच्या आधी त्याच्याशी बोलायचं. नियम दुसरा, वाद असेल तर तो या कागदावर घालायचा, फळ्यावर नाही. कल्पना उत्तम होती, हे मी आजही छातीठोक सांगतो. पण कागदावर पहिल्याच दिवशी महिपतरावांची बोलणी, दामाजीची उत्तरं, रंगूबाईंच्या साडीचा हिशोब, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, "सेक्रेटरीचा स्वतःचा नळ गळतो त्याचं काय?" हे अक्षर मी ओळखलं नाही. शालूचं नव्हतं, एवढं मात्र तपासून घेतलं.

अक्षयतृतीया चार दिवसांवर आली. मी इतका कावलो होतो की तिसरा नियम करून टाकला. ज्या शब्दावर एकाचाही आक्षेप असेल तो शब्द काढायचा. बास! उरेल तो मजकूर.

हा नियम मात्र सगळ्यांना भलताच आवडला. नारळ गेला म्हणून महिपतराव खूश, पाहणी गेली म्हणून दामाजी खूश. मोर्चा गेल्यावर रंगूबाई म्हणाल्या, मग मान्यवरही नकोत. मान्यवर गेले. मग महिपतराव म्हणाले, "आता एकट्या तोडणकरांचं नाव ठेवलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल." आणि त्या अन्यायाच्या भीतीने भाऊंचं नावही गेलं. ते कोणी मुद्दाम काढलं नाही हो. शेवटच्या घाईत कपाटाबरोबर भिंतीवरचा फोटोही उतरावा तसं ते उतरलं. फळ्यावर एक ओळ उरली.

"येथे पाणी आहे."

एकाचाही आक्षेप नाही! संध्याकाळच्या आत सगळ्यांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून परवानगीच्या ऑफिसात गेलो. क्लार्कने कागद वाचला आणि पहिल्यांदाच हसला. "उत्तम. आक्षेपार्ह काही नाही." मग पेन हातात तसंच ठेवून म्हणाला, "हे कोणाच्या स्मरणार्थ म्हणालात?"

मी तसाच कागद घेऊन बाहेर पडलो.

इमारतीत शिरलो तर सरस्वतीवहिनी जिन्यातच उभ्या. "सह्या झाल्या म्हणे सगळ्यांच्या?"

"झाल्या."

"काय ठरलं शेवटी? वाचा ना."

चष्मा घरी राहिला म्हणावं, असं मनात आलं, पण तो नाकावरच होता. मी वाचलं, "येथे पाणी आहे."

वहिनी पुढचं ऐकायला थांबल्या. पुढचं नव्हतंच. मग त्यांनी मान डोलावली. "खरं आहे. पाणी आहेच." आणि हळूहळू जिना चढायला लागल्या. दोन पायऱ्या चढून परत वळल्या. "सगळ्यांनी सह्या केल्या, मोठे उपकार झाले. उद्या संध्याकाळी चहाला बोलवा त्यांना माझ्याकडे. जायच्या आधी आभार मानते."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरी शालूला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "बाईने नवऱ्याचं नाव मागितलं, आणि तुम्ही सगळ्या शहाण्यांनी मिळून तिला पाणी पाजलंत." त्या रात्री मला वाढलं, पण ताट आपटून.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींकडे बसलो. मी, महिपतराव, दामाजी, रंगूबाई. सामान बांधलेलं, भाऊंची काठी दाराशी टेकवलेली. काठीकडे न बघता कुठे बघावं ते कोणाला कळेना. वहिनींनी आत नळाखाली बादली लावली, चहा आणला आणि खरोखरच एकेकाचे आभार मानायला लागल्या.

महिपतराव खाकरले. "वहिनी, ते नाव... म्हणजे एकंदर प्रक्रियेत ते राहून गेलं."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या नावावरून तुमच्यात भांडणं नकोत. ते तुमच्याशी रोज भांडून यायचे महिपतराव, आणि घरात आले की चपला काढता काढता म्हणायचे, शेडगे म्हणतो ते बरोबर आहे, पण त्याला सांगू नकोस."

महिपतरावांनी बशी खाली ठेवली. "असं म्हणायचे? कशाबद्दल?"

"टाकीच्या झाकणाबद्दल."

"मी तेच सांगत होतो! बाहेरच्या बाजूने उघडणारं झाकण..." ते मध्येच थांबले आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

"आन माज्याबद्दल?" दामाजीने हळूच विचारलं.

"तुमच्या मामांच्या हातावर नारळ उभा राहिला तेव्हा ह्यांनी त्याला हात जोडले. मग पाहणीचा कागद आला, त्यालाही जोडले. मी म्हटलं, हे काय हो? तर म्हणाले, दोघांपैकी कोणाचंही खरं निघू दे, पाणी लागू दे. आणि रंगूबाईंच्या मोर्च्याला पिण्याचं पाणी घेऊन हेच गेले होते की."

"हो," रंगूबाई म्हणाल्या. "आणि वर मलाच ओरडले, अर्धा पेला सांडलास म्हणून." त्यांनी पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात आतून आवाज यायला लागला. बादली भरून पाणी मोरीत पडत होतं.

"वहिनी, नळ!" महिपतराव उठले. "नल, नल!" दामाजी उठला. रंगूबाई उठल्या, मीही उठलो. स्वयंपाकघराच्या दारात चौघांची एकदमच गर्दी झाली आणि कोणालाच आत जाता येईना. शेवटी वहिनीच आमच्या मधून वाट काढत गेल्या आणि नळ बंद करून आल्या. आम्हाला असं उभं पाहून त्या भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. "मला वाटलं, हेच आले की काय परत."

आम्ही तसेच खाली गेलो. फळा तिथेच होता. खडू माझ्या हातात होता, पण या वेळी मी शहाणा झालो होतो, लिहायच्या आधी तिघांकडे पाहिलं. तिघांनीही मान डोलावली. कोणाला काही सांगावं लागलं नाही. मी लिहिलं,

"नळ बंद आहे ना? शिवराम तोडणकर"

महिपतरावांनी खडू घेतला. जित्याची खोड! हात फळ्यापर्यंत गेला आणि थांबला. मग दामाजीकडे वळून त्यांनी विचारलं, "कै. लावावं का? तुमचं काय मत?"

महिन्याभरात त्या गृहस्थाने दामाजीला पहिल्यांदा मत विचारलं होतं. दामाजीने नीट विचार केला. "नको. भाऊ आपले दारावं आले तं कैलासवासी आलाय असं थोडंच सांगायचे?"

"बरोबर आहे तुमचं," महिपतराव म्हणाले आणि खडू खाली ठेवला.

पुन्हा सह्या लागणार होत्या. पहिल्या वेळी महिना गेला होता, या वेळी जिना एकदा चढेपर्यंत झाल्या. चौथ्या मजल्यावरच्यांनी तर वाचून आधी आत जाऊन नळ बघितला आणि मग सही केली. क्लार्कने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "दगडावर प्रश्न? याचं उत्तर कोण देणार?"

"रोज सगळा जिना देतो, साहेब," मी म्हटलं. त्याने कागद पुन्हा एकदा वाचला. मग शिक्का मारला आणि शिपायाला सांगितलं, "जरा मागच्या बाथरूमचा नळ बघ रे, सकाळपासून वाहतोय."

तानाजीने रात्रभर बसून अक्षरं कोरली आणि अक्षयतृतीयेला सकाळी दगड लागला. सिमेंट अजून ओलं होतं. वहिनींनी हापशाचंच पाणी भरून मातीचा घडा त्याच्याशी ठेवला, वाळा टाकला, हात जोडले. मोहन्याला जाणारा टेम्पो सामान भरून उभा होता, मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला. खोलीची किल्ली त्यांनी आधीच माझ्याकडे दिली होती.

त्यांनी दगडावरचा मजकूर वाचला. एकदा वाचला, परत वाचला. टेम्पोकडे चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"मधुभाऊ, किल्ली द्या हो जरा."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. वहिनी गुडघ्यावर हात ठेवत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेल्या. आम्ही सगळे खाली उभे राहून वर बघत होतो. बऱ्याच वेळाने त्या उतरल्या, किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि दगडाकडे बघून म्हणाल्या, "बंदच होता हो."

मग त्या टेम्पोत बसल्या.